वर्धेपलीकडची मदत

१८१८च्या एप्रिलमध्ये चांद्याचा किल्लेदार गंगासिंग याच्या दिशेने दोन फौजा सरकत होत्या. एक इंग्रजांची, दुसरी दुसऱ्या बाजीराव पेशव्याची. आणि सारा प्रश्न आधी कोण पोहोचतो एवढाच होता. चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या मुलखातले अतिशय भक्कम ठिकाण. इरई आणि झरपट या नद्यांच्या बेचक्यातले शहर, भोवती गोंड राजांनी बांधलेला पाच-सहा मैलांचा दगडी परकोट, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे, आत दोन-तीन हजारांची शिबंदी. पश्चिमेला वर्धा नदी. १८०३च्या देवगावच्या तहाने वर्धेपलीकडचा वऱ्हाड निजामाच्या पदरात पडला होता, त्यामुळे ही नदी आता सरहद्द झाली होती. पेशवा त्या सरहद्दीच्या जवळ आला. पांढरकवड्याच्या बाजूला त्याचा तळ पडला, नागपूरचा सरदार गणपतराव सुभेदार त्याला येऊन मिळालेला होता, आणि चांद्याचा आधार घ्यायचा त्याचा बेत होता. पण कर्नल स्कॉटची तुकडी चांद्याच्या वाटेवर आडवी राहिली आणि १७ एप्रिलला कर्नल ॲडम्सने पांढरकवड्याजवळ शिवणी येथे पेशव्याची फौज गाठून उधळून लावली. बाजीराव माघारी वळला. ॲडम्स ९ मेला चांद्यासमोर येऊन थडकला. तोफांनी तटाला खिंडार पडले, २० मेच्या सकाळी पलटणी आत घुसल्या, गंगासिंग पडला, त्याच्याबरोबर शिबंदीतली शेकडो माणसे पडली आणि शहर लुटले गेले.

या कहाणीचे तात्पर्य आपल्याकडे बहुधा एका वाक्यात उरकले जाते: मदत वेळेवर आली नाही म्हणून चांदा पडला. पेशवा नदी ओलांडता तर चित्र वेगळे दिसते, असे म्हणणारे आजही भेटतात. मला हे पटत नाही. चांद्याचे भवितव्य वर्धेच्या काठी ठरण्याच्या दोन वर्षे आधी, १८१६च्या मे महिन्यातल्या एका रात्री, नागपुरात ठरले होते, आणि तेही एका वेगळ्याच परकीय मदतीच्या निमित्ताने. आक्रमणाला तोंड देणाऱ्या राज्याने बाहेरची मदत घ्यावी का, आणि बाहेरच्यांनी ती द्यावी का, यावर जेव्हा चारचौघांत भांडण होते तेव्हा ते भांडण म्हणजेच दुबळेपणा, असे समजण्याची आपली सवय आहे. चांद्याचा इतिहास याच्या नेमका उलट बोलतो. तिथे मदत घातक ठरली, कारण तिच्याविषयी भांडण होऊच दिले गेले नाही.

त्या रात्रीकडे वळण्याआधी आणखी मागे जायला हवे, कारण नागपूरकर भोसल्यांचे राज्यच मुळात मदतीच्या वाटेने उभे राहिलेले होते. देवगडचा गोंड राजा चांद सुलतान वारल्यावर वली शाहाने गादी बळकावली, तेव्हा राजाची विधवा राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून पहिल्या रघूजी भोसल्याला बोलावले. रघूजी आला, त्याने बंडखोराचा बंदोबस्त केला, अकबर शाह आणि बुऱ्हाण शाह या तिच्या मुलांना गादीवर बसवले आणि भरपूर मोबदला घेऊन परत गेला. पुढे भावाभावांत वितुष्ट आले, रघूजीला पुन्हा बोलावणे गेले, आणि १७४३च्या सुमारास तो आला तो राहायलाच. बुऱ्हाण शाहाला नेमणूक मिळाली, राज्य भोसल्यांना मिळाले. चांद्याच्या गोंड घराण्याची कथा याहून कडवट आहे. नीळकंठ शाहाच्या वागणुकीने दुरावलेल्या लोकांच्या साहाय्याने रघूजीने चांदा घेतला, आधी वसुलाचा मोठा वाटा मागितला आणि १७५१मध्ये सगळेच राज्य घेतले. राजा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत पडला. म्हणून १८१८च्या लढ्याला सरसकट स्वदेशरक्षणाचा लढा म्हणताना जपावे लागते. इरईकाठच्या किंवा वैनगंगेपलीकडच्या गोंडाच्या दृष्टीने भोसल्यांची सत्ता जेमतेम पासष्ट-सत्तर वर्षांची होती आणि तीही जबरीने आलेली. हा आक्षेप खरा आहे आणि तो बाजूला सारण्याचे कारण नाही. पण त्याने माझ्या म्हणण्याला बाधा येत नाही. बोलावलेला मदतनीस मालक कसा होतो, याचा पहिला पुरावा भोसल्यांनीच या भूमीवर घालून दिला होता. त्यांचे वारस त्याच वाटेने गेले.

सगळे वारस गेले नाहीत, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. दुसऱ्या रघूजीने १८०३मध्ये इंग्रजांकडून सपाटून मार खाल्ला, कटक आणि वऱ्हाड गमावले, नागपुरात रेसिडेंट बसवून घेतला. पण तैनाती फौज ठेवण्याचा करार त्याने मरेपर्यंत केला नाही. त्याला गरज नव्हती असे नाही. १८०९मध्ये पठाण सरदार अमीर खान त्याच्या मुलखावर चालून आला. १८११मध्ये पेंढाऱ्यांनी थेट नागपूरच्या वेशीशी येऊन एक वस्ती जाळली. १८०९च्या संकटात इंग्रजांनी त्याच्या बाजूने फौज पाठवली, आणि तिच्यासाठी त्याला कोणताही तैनाती तह करावा लागला नाही. कंपनीने हे औदार्याने केले नव्हते. अमीर खान नागपुरात बसला असता तर निजामाच्या सरहद्दीला धोका होता, म्हणून गव्हर्नर जनरल मिंटोच्या सरकारने स्वतःच्या सोयीने हालचाल केली. पण नेमके हेच ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मदत देणाऱ्याचा स्वार्थ असतोच. तो असताना मदत घेता येते, आणि तिची फौज काम झाल्यावर परतही जाते. रघूजीचा विरोध मदतीला नव्हता. त्याचा विरोध दुसऱ्याच्या हुकमातली फौज आपल्या राजधानीशी कायमची ठेवण्याला होता. या राजाला इतिहासकारांनी कंजूष आणि लोभी म्हणून रंगवले आहे, आणि त्यात तथ्य असेलही. पण या एका बाबतीत त्याचा विवेक त्याच्या पिढीतल्या बहुतेक मराठी सत्ताधीशांहून सरस होता. खुद्द बाजीरावाने १८०२च्या शेवटच्या दिवशी वसईला तह करून होळकराविरुद्ध इंग्रजांची फौज मागून घेतली होती. पंधरा वर्षांनी चांद्याला वाचवायला निघालेला पेशवा तो हाच.

रघूजी २२ मार्च १८१६ला वारला. मुलगा परसोजी आजारी आणि कारभाराला असमर्थ. रघूजीची विधवा बाकाबाई आणि धर्माजी भोसले यांचा एक पक्ष, रघूजीचा पुतण्या मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब यांचा दुसरा. आप्पासाहेबाने धर्माजीला कैद करून कारभार हाती घेतला, पण आसन डळमळीत होते. २७ मेच्या रात्री, दरबाराला पत्ता लागू न देता, रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सबरोबर तह झाला: सहा पायदळ पलटणी आणि एक घोडदळाची पलटण नागपूरच्या खर्चाने, वर्षाला साडेसात लाख रुपये, शिवाय राज्याने स्वतःची ठरावीक फौज इंग्रजांच्या मदतीला सज्ज ठेवायची. कंपनीची फौज जवळ येईपर्यंत ही गोष्ट गुप्त राहिली. वरवर पाहता कारण पेंढाऱ्यांचे होते. पण पेंढाऱ्यांशी लढायला मध्यरात्र कशाला हवी होती? रघूजीच्या जुन्या सरदारांसमोर हा मसुदा ठेवला असता तर त्यांनी दोन साधे प्रश्न विचारले असते: ही फौज कोणाच्या हुकमाने हलेल, आणि परत कधी जाईल? पहिल्याचे उत्तर कलकत्त्याच्या हुकमाने असे होते. दुसऱ्याला उत्तरच नव्हते. राज्याला हवे असलेले संरक्षण आणि आप्पासाहेबाला हवे असलेले संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. गुप्ततेमुळे दुसरी पहिलीच्या नावावर खपली.

पुढचा सारा घटनाक्रम या एका सहीतून उलगडतो. १८१७च्या आरंभी आप्पासाहेब चांद्याला येऊन राहिला आणि तो इथे असतानाच, १ फेब्रुवारीला, परसोजी नागपुरात मेलेला आढळला. तो मारला गेला हे नंतर उघड झाले. आता राजा झालेल्या आप्पासाहेबाला तैनाती फौजेचे ओझे जाणवू लागले. त्याने पेशव्याशी संधान बांधले, २४ नोव्हेंबरला सेनापतीपदाची वस्त्रे उघड दरबारात स्वीकारली, आणि २६-२७ नोव्हेंबरला सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई पेटली. त्या टेकड्यांवर त्याच्याविरुद्ध उभा असलेला अधिकारी स्कॉट, आणि त्याच्या पलटणी कराराने आलेल्या. ज्यांचा पगार नागपूरच्या खजिन्यातून जायचा, त्यांनीच नागपूरच्या फौजेचा मोड केला. याच स्कॉटने पाच महिन्यांनी पेशव्याची चांद्याची वाट अडवली. इथे कोणी म्हणेल की पेशवा परका नव्हता, मराठी राज्यांनी एकमेकांना साथ देणे हे घरचेच काम होते, आणि ती साथ थोडी आधी मिळाली असती तर? पण वेळेआधी ती मिळणार कशी? तहाने नागपूरला इतर दरबारांशी स्वतंत्र व्यवहार करण्याची मुभाच ठेवली नव्हती. मित्राला बोलवायचे तर लपून बोलवावे लागत होते, आणि लपून बोलावलेला मित्र तयारीने येत नाही. १५ मार्च १८१८ला आप्पासाहेबाला अटक झाली, तेव्हा आरोपांत हाच आरोप होता: पेशव्याशी संगनमत आणि चांद्याकडे पळण्याचा बेत. पेशव्याची मदत वर्धेशी अडली, कारण पहिल्या मदतीने नदीचा अलीकडचा काठ आधीच व्यापला होता. चांदा १८३०पर्यंत इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती राहिला, मग तिसऱ्या रघूजीला परत मिळाला, आणि १८५३च्या डिसेंबरात तो निपुत्रिक वारल्यावर सगळे राज्यच खालसा झाले. तैनाती फौज मात्र कधी परत गेली नाही.

आता याच जिल्ह्याच्या दुसऱ्या एका वळणाकडे पाहू. २० ऑक्टोबर १९६२ला चीनने हल्ला केला. महिन्याभरात बोमडिला पडले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि २० नोव्हेंबरला मारोतराव कन्नमवार महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. चांद्यात वर्तमानपत्रे विकून वाढलेला हा माणूस. त्याच्या वर्षभराच्या कारकिर्दीत संरक्षणनिधी गोळा करणे हेच राज्याचे मुख्य काम होऊन बसले होते. आक्रमणाला तोंड देणारा देश या वेळी भारत होता, आणि बाहेरच्या मदतीवरून देशात रान उठले होते. राजाजी आणि मिनू मसानी यांचा स्वतंत्र पक्ष म्हणत होता की अलिप्तता सोडा आणि पाश्चात्त्यांशी उघड हातमिळवणी करा. श्रीपाद अमृत डांगे अध्यक्ष असलेल्या कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने १ नोव्हेंबरला चिनी आक्रमणाचा निषेध करणारा ठराव केला. कोणत्याही देशाकडून रोखीच्या व्यवहाराने शस्त्रे घ्यायला तिचा विरोध नव्हता, पण परकीय माणसे आपल्या संरक्षणावर नेमायला होता. हा ठराव पक्षातल्या सगळ्यांना पटला नाही, पुष्कळ जण तुरुंगात गेले आणि १९६४मध्ये पक्ष फुटला. तरी शस्त्रे चालतील, परकी फौज नको, ही त्या ठरावातली भेदरेषा मला त्या काळातली सर्वांत शहाणी रेषा वाटते. दुसऱ्या रघूजीनेही तीच ओढली होती.

मदत आली, आणि तिच्यामागून तिच्या अटीही आल्या. डिसेंबरात नासाऊ येथे अमेरिका आणि राष्ट्रकुल यांनी मिळून बारा कोटी डॉलरची लष्करी मदत ठरवली. त्याआधीच अमेरिकेचे हॅरिमन आणि ब्रिटनचे सँडिस दिल्लीत येऊन काश्मीरवर बोलणी सुरू करण्याचा आग्रह धरून गेले होते. भारताचे स्वर्णसिंग आणि पाकिस्तानचे भुट्टो यांच्यातल्या बोलण्यांच्या सहा फेऱ्या १९६३च्या मेपर्यंत चालल्या आणि निष्फळ ठरल्या. जुलै १९६३मध्ये कलकत्त्याजवळ अमेरिकेकडून शक्तिशाली प्रक्षेपक घ्यायचा आणि बदल्यात व्हॉइस ऑफ अमेरिकाला रोज काही तास द्यायचे, असा करार झाला. तो जाहीर होताच संसदेत आणि वर्तमानपत्रांत इतका गदारोळ झाला की नेहरूंना तो सोडून द्यावा लागला. त्या वेळी पुष्कळांना हा हट्टीपणा वाटला, अडचणीच्या वेळी मदत करणाऱ्याला दुखावणे वाटले. पण शस्त्रे येतच राहिली. गेली ती फक्त एक अट. आरडाओरड करणाऱ्यांनी मदत तोडली नाही, तिच्यातला काटा काढला. १८१६च्या नागपुरात असा आवाज करायला कोणाला जागा असती तर आप्पासाहेबाच्या तहातली किती कलमे टिकली असती?

उलट बाजूचा पुरावाही त्याच युद्धात आहे. १९ नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींना पत्र लिहून अमेरिकी लढाऊ विमानांच्या तुकड्या त्यांच्या वैमानिकांसह मागितल्या. हे मंत्रिमंडळातल्या बहुतेकांनाही माहीत नव्हते. दोन दिवसांनी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली, म्हणून ती विमाने आली नाहीत. मार्च १९६५मध्ये सुधीर घोष यांनी राज्यसभेत हा विषय काढला तेव्हा देश चकित झाला. संकटाच्या घडीला पंतप्रधानाने असे पत्र लिहू नये असे मी म्हणणार नाही; आसाम हातचा जातो की काय अशी ती रात्र होती. पण युद्धबंदी झाली नसती तर आपल्या आकाशाचे रक्षण कोणाच्या हुकमाने, किती दिवस आणि कशाच्या बदल्यात, हे प्रश्न विमाने उतरल्यानंतर विचारावे लागले असते.

यावर गंभीर आक्षेप वेळेचा आहे. उघड वादाला वेळ लागतो आणि लढणाऱ्याजवळ वेळ नसतो. रशियाने २०२२मध्ये स्वारी केलेल्या युक्रेनसाठी अमेरिकी सरकारने २०२३च्या ऑक्टोबरात मागितलेला निधी काँग्रेसमधल्या भांडणात सहा महिने अडकला. एप्रिल २०२४मध्ये सुमारे ६१ अब्ज डॉलर मंजूर होईपर्यंत दारूगोळ्याच्या टंचाईत अव्दिइव्हका हे शहर युक्रेनच्या हातचे गेले होते. ही किंमत माणसांच्या जिवांत मोजली गेली आणि तिला क्षुल्लक म्हणणे निर्दयपणाचे होईल. तरीही मी वादाच्याच बाजूने उभा आहे. वादातून मंजूर झालेल्या मदतीची रक्कम, मुदत आणि अटी साऱ्या जगाला वाचता येतात. घेणाऱ्याला कळते की आपण काय घेतो आहोत. विलंबावर तोडगा लवकर मतदान घेण्याचा आहे, मतदान टाळण्याचा नाही. शिवाय गुप्ततेने वेळ वाचतो हे तरी कुठे खरे आहे? पेशव्याला अडवणारी कोणतीही सभा नव्हती. तो उशिरा आला तो निर्णय एकट्याचा असल्यामुळे, आणि तो एकटा माणूस सतत पळतीवर असल्यामुळे.

मदत देणाऱ्याच्या बाजूने पाहायचे तर १९७१ आहे, आणि त्याच्याशी संबंधित माणसे आजच्या गडचिरोली जिल्ह्यात राहतात. चामोर्शी आणि मुलचेरा या तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावे आहेत. धान आणि मासळीवर जगणारी, मराठी शाळेत मुले पाठवणारी. त्यांच्या मूळ देशात पाकिस्तानी सैन्याने मार्च १९७१मध्ये कत्तल आरंभली, तेव्हा ३१ मार्चलाच संसदेने तिथल्या लढ्याला पाठिंबा देणारा ठराव केला. मग पुढचे आठ महिने जाहीर वाद: जयप्रकाश नारायण आणि विरोधी पक्ष ताबडतोब मान्यता द्या म्हणत होते, इंदिरा गांधी थांबत होत्या. मान्यता ६ डिसेंबरला दिली गेली, १६ डिसेंबरला ढाका पडले, आणि १९७२च्या मार्चमध्ये भारतीय सैन्य तिथून परतले. तीन महिन्यांत परतणे हे केवळ इंदिरा गांधींच्या सद्हेतूचे फळ नव्हते. मदत कशासाठी आहे हे आठ महिने जगासमोर इतक्यांदा बोलले गेले होते की त्यापलीकडे काही करणे भारताला अवघड झाले असते. सीताबर्डीवरच्या पलटणींना असे कोणतेही उघड बोललेले वचन बांधत नव्हते.

कन्नमवारांच्या काळात महाराष्ट्राच्या पदरात पडलेल्या संरक्षण कारखान्यांत भद्रावतीची आयुध निर्माणीही मोजली जाते. चंद्रपूर जिल्ह्यातला हा कारखाना आज म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचा भाग आहे आणि तोफगोळे भरण्याचे काम तिथे चालते. सप्टेंबर २०२४मध्ये रॉयटर्सने बातमी दिली की भारतात बनलेले आणि युरोपातल्या गिऱ्हाइकांना विकलेले तोफगोळे युक्रेनकडे वळवले गेले. परराष्ट्र मंत्रालयाने ती बातमी चुकीची म्हणून फेटाळली आणि विषय तिथेच मिटला. भारताने युक्रेनला शस्त्रे द्यावीत की नाही, यावर मराठी माणसांत दोन मते असणार: रशियाच्या जुन्या मैत्रीची आठवण ठेवणारे एक, आक्रमण झालेल्या देशाच्या बाजूचे दुसरे. दोन्ही मतांना सबळ कारणे आहेत. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. पण ज्या जिल्ह्यात हे गोळे भरले जातात तिथल्या लोकांना, त्यांच्या खासदारांना आणि संसदेला, हा माल कोणाला, कोणत्या अटीवर आणि पुढे कोणाला विकण्याच्या मुभेसह दिला जातो, हे ठाऊक असलेच पाहिजे. निर्यातीच्या परवान्यांतल्या अंतिम वापराच्या अटी दरवर्षी लोकसभेच्या पटलावर ठेवाव्यात आणि त्यांवर खुली चर्चा व्हावी. त्या चर्चेत माझी बाजू हरली तरी ती व्हावी.